पानिपतचे चौदा महिने

आजवर मी लोकांची बत्तीस मानपत्रं लिहिली आहेत. दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळात कुणाची पंच्याहत्तरी असो, कुणाचं सहस्रचंद्रदर्शन असो, नाहीतर कुणाच्या लग्नाला चाळीस वर्षं झालेली असोत, शाल आणि नारळ कार्यवाह आणतात आणि मानपत्र मी लिहितो. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात पस्तीस वर्षं मी इंग्रजीत टिपणं लिहिली. त्यांत 'सौजन्यमूर्ती' किंवा 'कृतार्थ' असले शब्द वापरायची सोय नव्हती, म्हणून ती सगळी हौस मी मानपत्रांवर भागवून घेतली. लोकांनाही ती आवडायची. एका बाईंनी तर नवऱ्याचं मानपत्र ऐकताना शेजारणीला विचारलं होतं म्हणे, की हे नक्की आमच्या ह्यांच्याबद्दलच चाललंय ना. ही गोष्ट मी स्वतःचं कौतुक म्हणून सगळ्यांना सांगायचो.

माझी एक पद्धत होती. सत्कारमूर्तींच्या घरी जायचं, चहा घ्यायचा आणि पाच प्रश्न विचारायचे. जन्म कुठला, दिल्लीत केव्हा आलात, सर्वांत कठीण काळ कोणता, कुणाचे उपकार विसरता येत नाहीत, आणि शेवटचा, आयुष्यातला सगळ्यांत सुखाचा काळ कोणता. पहिल्या चार प्रश्नांना लोक पोटभर उत्तरं द्यायचे. पाचव्याला मात्र 'सगळंच छान झालं हो' म्हणून चिवड्याची बशी पुढे सरकवायचे. एका निवृत्त इंजिनिअरांनी तेवढं पटकन 'हॉस्टेल' असं सांगितलं होतं, आणि मग स्वयंपाकघराकडे बघत हळूच 'हे लिहू नका' म्हणाले होते. मी लिहिलं नाही. खरं तर कुणाचीच उत्तरं मी फारशी वापरत नसे. घरून निघतानाच मानपत्र अर्धंअधिक लिहून झालेलं असायचं. सरकारात साहेबांचा निर्णय आधी ठरतो आणि त्याला शोभेलशी टिपणी मग खालून वर जाते. मी आयुष्यभर तेच केलं होतं, त्यामुळे यात काही गैर आहे असं मला कधी वाटलं नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्याच लग्नाला चाळीस वर्षं झाली. कार्यवाहांचा फोन आला.

"या वेळी सत्कार तुमचा आणि वहिनींचा. पंचाईत एवढीच, की तुमचं मानपत्र लिहायचं कुणी?"

मी मंडळातल्या दोघा-तिघांची नावं सुचवली.

"कसलं काय! ते लिहून झालं की तपासायला तुमच्याकडेच घेऊन येणार. तुम्हीच लिहा. खाली सही मंडळाची असते, कुणाला कळतंय?"

मी दोनदा नको नको म्हटलं आणि फोन ठेवल्या ठेवल्या कागद पुढे ओढला. माझ्याबद्दल चार ओळी लिहिल्या, त्याही बेताच्या. बायकोबद्दल मात्र मी हात मोकळा सोडला. 'पती ईशान्येच्या दुर्गम प्रदेशी कर्तव्य बजावीत असता आपण चिमुकल्या कन्येसह राजधानीत एकाकी झुंज दिलीत. एकांताचा भार हलका व्हावा म्हणून पानिपतपर्यंतची वणवणही हसतमुखाने सोसलीत. आज कृतार्थतेच्या या शिखरावरून मागे वळून पाहताना...' वगैरे. ते शिखर मला फार आवडलं होतं.

यात वस्तुस्थिती एवढीच, की तीसेक वर्षांपूर्वी माझी गुवाहाटीला बदली झाली. ईशान्येला गेलेल्याला दिल्लीतलं क्वार्टर ठेवता यायचं, म्हणून बायको आणि मुलगी सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्येच राहिल्या. मुलगी चौथीत होती. बायकोने सांगलीला असताना चित्रकला शिक्षिकेचा कोर्स केला होता. मी गेल्यावर दोन-तीन महिन्यांतच तिने पानिपतला दऱ्यांच्या, म्हणजे आपल्या सतरंज्यांच्या, एका कारखान्यात काम धरलं. दरीचं डिझाइन ग्राफ पेपरवर चौकोनाचौकोनांत रंगवून द्यायचं, आणि कारागिरांनी ते बघून विणायचं. आठवड्यातून चार दिवस ती सकाळी गाडीने पानिपतला जायची आणि दिवेलागणीला परत यायची. शाळा सुटल्यावर मुलगी खालच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटींकडे जेवायची. मी परत आलो आणि ते काम सुटलं. एवढंच.

आमच्या मित्रमंडळींत मात्र या पानिपतने मला वर्षानुवर्षं पुरेल इतका खुराक दिला. मराठी माणसाला पानिपत म्हटलं की दुसरं काही आठवत नाही. मी म्हणायचो, "आमच्यातले लाखभर पानिपतला गेले ते गेलेच. आमची ही एकटी रोज संध्याकाळी परत यायची!" हशा पिकायचा. हीसुद्धा हसायची. मंडळात हा विनोद इतका रुळला होता, की मी विसरलो तर दुसरं कुणीतरी सांगायचं.

मसुदा तयार झाल्यावर मी तो मुलीला फोनवर वाचून दाखवला. ती गुडगावला राहते, मानेसरला गाड्यांचे भाग करणाऱ्या एका कंपनीत नोकरी करते, आणि कंपनीच्या गाडीत बसल्यावरच तिला आमच्याशी बोलायला फुरसत मिळते.

"बाबा, एकदम सुपर. पण कृतार्थ म्हणजे? ग्रेटफुल?"

"ते कृतज्ञ. कृतार्थ म्हणजे ज्याचं सगळं मनासारखं करून झालंय, काही राहिलेलं नाही, असा माणूस."

"अच्छा. आणि हे तुम्ही आईला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? चाळीस वर्षं बघतोय."

"फिर भी. बाकी सगळ्यांना विचारता ना यार तुम्ही."

मुलीचं मराठी कच्चं आहे, पण मुद्दा पक्का असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पॅड आणि पेन घेऊन बाल्कनीत गेलो. दहा-बारा दिवसांच्या धुरक्यानंतर त्या दिवशी आमच्या द्वारकेत, म्हणजे दिल्लीच्या या उपनगरात, जरा ऊन पडलं होतं आणि बायको वेताचा बुटका मूढा टाकून मटार सोलत बसली होती. समोर स्टीलची परात, बाजूला शेंगांची पिशवी. मी समोर बसून घसा खाकरला, तेव्हा ती हसली.

"माझी पण मुलाखत?"

"रीतसर. सत्कारमूर्ती आहात तुम्ही."

ती मजेत उत्तरं देऊ लागली. जन्म सांगली. दिल्लीत लग्नानंतर. उपकार म्हणाल तर पंजाबी आंटींचे, त्यांना विसरणं शक्य नाही. कठीण काळ विचारला तेव्हा मी आपला 'गुवाहाटी' लिहायच्या तयारीत होतो, पण ती म्हणाली, "आपण टाइप फोरमध्ये राहायला गेलो ना, त्यानंतरची दोन वर्षं." मी गुवाहाटीहून आल्यावर आम्हाला ते मोठं क्वार्टर मिळालं होतं आणि त्याच सुमाराला माझी आई आजारी होऊन आमच्याकडे आली होती. मी कंसात 'सासूबाईंचं आजारपण' असं लिहून टाकलं. मग पाचवा प्रश्न विचारला, तोही हसत, कारण उत्तर मला ठाऊक होतं. सगळंच छान झालं.

"पानिपतचे चौदा महिने," ती म्हणाली. शेंग सोलता सोलता, मान वर न करता.

मी 'पानि' इतकं लिहिलं आणि थांबलो.

"म्हणजे मी नव्हतो तेव्हा?"

तिने आता वर पाहिलं. आपण काय बोललो ते तिच्याही आत्ताच ध्यानात आलं असावं. पण तिने ते मागे घेतलं नाही.

"तुम्ही नव्हता म्हणून नाही हो. पण तुम्ही नव्हता, हेही खरंच आहे."

"अगं, पहाटे उठून त्या गाड्या धरायच्या, थंडी, धुकं, गाडी चार-चार तास लेट, लेकरू लोकांच्या घरी..."

"लेकरू मजेत होतं. तिला विचारा, राजमा-चावल कुणाच्या हातचा आवडतो." ती परातीतले दाणे उगाच हाताने सारखे करत राहिली. "आमच्या डब्यात एक मास्तरीण होती, एक नर्स होती, एक बँकेतली. सगळ्या पासवाल्या. स्वेटर विणायच्या, एकमेकींच्या डब्यातलं खायच्या. मला कुणी अमक्याची बायको म्हणून ओळखत नव्हतं. आणि कारखान्यात गेलं की कारागिरांचे मुख्य, मास्टरजी, विचारायचे, 'मैडम, आप बोलो, लाल कहाँ से शुरू करूँ?' मी सांगायची आणि तिथूनच सुरू व्हायचं. दिवसभर माणसं मला रंग विचारायची. घरी मला काय विचारतात? जेवायला काय आहे."

नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी पॅड मिटलं आणि म्हणालो, "एवढं होतं तर सोडलंस कशाला?"

"मी सोडलं?" ती शांतपणे म्हणाली. "राजीनामा तुम्हीच तर लिहून दिलात."

मी उठलो, शूज चढवले आणि खाली पार्कात गेलो. वास्तविक हवा इतकी वाईट होती, की डॉक्टरांनी मला बाहेर फिरायला मनाई केलेली होती. रागाच्या भरात मी मास्कही विसरलो. डोक्यावरून पाच-पाच मिनिटांनी विमानं उतरत होती आणि मी सोसायटीच्या त्या टीचभर पार्कात घाण्याच्या बैलासारखा फिरत होतो. आधी राग. काय नाही दिलं मी? नियमाने सुटी घेऊन कन्याकुमारीपासून अंदमानपर्यंत फिरवून आणलं. कधी दारू नाही, आवाज चढवणं नाही. मुलीचं शिक्षण, हक्काचं घर, म्हातारपणाची सोय. लोक सुख सुख म्हणतात ते आणखी काय असतं? बत्तीस मानपत्रांमध्ये मी हेच तर लिहिलं होतं, आणि बत्तीस वेळा हॉलभर टाळ्या पडल्या होत्या.

चौथ्या फेरीला मला तो राजीनामा आठवला.

आठवला म्हणजे अक्षरशः आठवला, कारण तो चांगला उतरला होता. मी गुवाहाटीहून वेताच्या खुर्च्या आणि चहाची पाकिटं घेऊन आलो, महिन्याभरात मोठं क्वार्टर मिळालं, आईला घेऊन यायचं ठरलं. एका रविवारी सकाळी मी बायकोला म्हणालो, "आता कशाला त्या चकरा? आता मी आलोय ना." हे मी प्रेमाने म्हणालो होतो. तिची दगदग आपण थांबवतोय अशी माझी भावना होती आणि त्यात मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटत होतं. ती काहीच बोलली नाही. मी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला. ऑफिसात पंधरा वर्षं मी तसाच अर्थ घेत आलो होतो, हरकत आली नाही म्हणजे संमती. मग मी टेबलाशी बसून कारखान्याच्या मालकांना इंग्रजीत अर्ज लिहिला. कौटुंबिक परिस्थितीमुळे सेवा पुढे चालू ठेवणं अशक्य आहे, मिळालेल्या संधीबद्दल ऋणी आहे. सुरेख भाषा होती. तिने तो तिच्या अक्षरात उतरवून काढला, तेव्हा मी तिच्या पाठीशी उभा राहून एका शब्दाचं स्पेलिंग दुरुस्त केलं होतं.

पुढे तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, की हिने पानिपत सोडलं. त्यात मी खोटं बोलतोय असं मला एकदाही वाटलं नाही. हे लिहिताना मला लाज वाटते. दुष्टपणा केला असता तर निदान तो आठवला तरी असता. मी तिच्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली गोष्ट काढून घेतली, आणि माझ्या लेखी ते रविवारचं एक किरकोळ काम होतं.

घरी आलो तेव्हा मटार फ्रिजमध्ये गेलेले होते आणि ती चहाचं आधण ठेवत होती. मी विचारलं, "तुझे ते ग्राफ कुठे आहेत? एक गुंडाळी होती ना?"

"द्वारकेला आलो तेव्हा रद्दीत दिली."

"कुणी?"

"मीच. डोळ्यासमोर नको वाटायची." मग साखर घालता घालता म्हणाली, "त्यातलं एक निळं डिझाइन खूप चाललं होतं. परदेशी गेलं. मास्टरजी म्हणायचे, मैडम का नीला. कुठेतरी अजून लोक त्याच्यावर बसत असतील."

या निळ्या डिझाइनबद्दल मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत होतो. आम्ही चहा प्यायलो. मी कप विसळून ठेवला, जे मी सहसा करत नाही. तिने ते पाहिलं.

पुढचे तीन दिवस मी मानपत्र नव्याने लिहिलं. झुंज काढली, वणवण काढली, ते शिखरही काढलं. सरळ लिहिलं, की या बाईंनी पानिपतच्या कारखान्यात चौदा महिने दऱ्यांची डिझाइनं काढली, त्या कामात त्या सुखी होत्या, आणि ते काम त्यांच्या नवऱ्याने थांबवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी खरं मानपत्र लिहिलं, असं मला वाटत होतं. लिहून झाल्यावर मला चक्क हलकं वाटलं. सगळ्यांसमोर हे वाचलं जाईल, मी मान खाली घालून बसेन, आणि मग आमचं काहीतरी फिटेल. मी कागद तिच्या हातात दिला आणि समोर उभा राहिलो, निकालाची वाट बघत.

तिने चष्मा लावून दोनदा वाचलं.

"छान लिहिलंय," ती म्हणाली. "पण हे वाचायचं नाही."

"अगं, पण हे खरं आहे."

"खरं आहे म्हणूनच. हे माझं आहे. मी कुणाला सांगितलं नव्हतं, आंटींना पण नाही. तुम्ही प्रश्न विचारलात आणि माझ्या तोंडून निघून गेलं. ते आता शाल-नारळाबरोबर वाटायचं का? लोक मला येऊन म्हणतील, वहिनी, तुम्ही किती सोसलंत. आणि तुम्हाला म्हणतील, काय मोठं मन आहे हो तुमचं, भर सभेत कबूल केलंत." तिने कागदाची घडी घालून मला परत दिला. "शेवटी टाळ्या तुम्हालाच."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. कारण त्या टाळ्या मी मनात ऐकल्याही होत्या.

"मग काय वाचायचं? जुनं?"

"जुनंच वाचू दे. ते कुणालाही लागू पडतं. त्याने मला काही होत नाही."

कार्यक्रम नको म्हणून कळवतो, असंही मी सुचवलं. तिने ते उडवून लावलं. मुलीने रविवार मोकळा ठेवला होता, नातवासाठी नवा कुर्ता आणला होता, कार्यवाहांनी पत्रिका वाटल्या होत्या. "एक सकाळ तर आहे," ती म्हणाली. "बसू."

त्या मधल्या दहा-बारा दिवसांत घरात भांडण नव्हतं, अबोलाही नव्हता. तीच भाजी, तीच गोळ्यांची डबी, तोच साडेचारचा चहा. फक्त मला दर गोष्टीत आता शंका यायची. ती हसली, की हे हसू कोणतं? ती 'चालेल' म्हणाली, की खरंच चालेल का? चाळीस वर्षं ज्या घरात मी डोळे मिटून वावरलो, तिथे मी चाचपडत चालू लागलो. एकदा मी तिला विचारलं, की पडद्यांना कोणता रंग घ्यायचा. तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग म्हणाली, "आहेत ते बरे आहेत."

कार्यक्रम रविवारी सकाळी झाला. हॉल भरलेला होता. आम्हाला मखमली खुर्च्यांवर बसवलं, हार घातले, आणि कार्यवाहांनी माझं जुनं मानपत्र खड्या आवाजात वाचलं. झुंज आली, वणवण आली. पानिपतपाशी ते मुद्दाम थांबले, सभेकडे बघून डोळा बारीक केला आणि म्हणाले, "लाखभर गेले ते गेलेच, पण आमच्या वहिनी...!" पुढचं वाक्य सभेनेच पूर्ण केलं. सगळा हॉल हसला. पहिल्या रांगेत माझी मुलगी हसली. मी शेजारी पाहिलं. बायकोही हसत होती, नेहमीसारखी, ओठ मिटून. हे हसू मी तीस वर्षं पाहत आलो होतो आणि दाद म्हणून खिशात घालत आलो होतो. मला खुर्चीत बसवेना. पण गळ्यात हार, मांडीवर नारळ, उठून जाणार कुठे? शिखर आलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. लोकांना वाटलं, मी गहिवरलो.

मग तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती उभी राहिली, माइक जरा लांब धरला आणि म्हणाली, "सगळं छान झालं. सगळ्यांचे आभार." आणि खाली बसली. टाळ्या पडल्या. त्या हॉलमध्ये त्या वाक्याचा अर्थ कळणारा मी एकटा होतो. माझ्या बत्तीस सत्कारमूर्तींपैकी आणखी किती जणांनी मला हेच वाक्य ऐकवलं होतं ते मला आठवू लागलं.

जेवणं झाल्यावर मुलगी नातवाला घेऊन गुडगावला गेली. त्याची सोमवारी परीक्षा होती. आम्ही दोघं करोल बागला मेट्रोत बसलो. रविवार दुपार असूनही डबा भरलेला होता, पण दोन पोरं उठली आणि आम्हाला ज्येष्ठांच्या जागा मिळाल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेली मानपत्राची फ्रेम माझ्या मांडीवर होती, शालीची पिशवी तिच्या. टिळक नगर आलं तेव्हा ती म्हणाली,

"एक विचारू?"

"विचार."

"मी तेव्हा भांडले असते, की नाही सोडणार मी काम, काय व्हायचं ते होऊ दे, तर तुम्ही ऐकलं असतं?"

उत्तर माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ऐकलं असतं गं, तू एकदा बोलायचं तरी होतंस. हे म्हणायला किती सोपं होतं. मी काही राक्षस नव्हतो, समजूतदार माणूस होतो, फक्त मला कुणी सांगितलं नाही, असं झालं असतं. मी ते म्हणणारच होतो, तेवढ्यात तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती, आणि शालीच्या पिशवीचे बंद तिने दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवले होते. मला उत्तर द्यायची घाई करवेना.

मग मी तो रविवार पुन्हा आठवून पाहिला. चाळिशीचा माणूस, नवं क्वार्टर, आई यायची आहे, खुर्च्या लावून झाल्यात. बायकोने त्याला नाही म्हटलं असतं तर? तो ओरडला नसता. त्याने तिला जवळ बसवून समजावलं असतं. त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी, रोज संध्याकाळी, गोड बोलून, मुद्देसूद, ती हो म्हणेपर्यंत. आणि अर्ज त्यानेच लिहिला असता.

"नसतं ऐकलं," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की. तू कितीही भांडली असतीस तरी."

तिचे हात सैल झाले. तिने पाठ टेकली.

"मला तीस वर्षं वाटत होतं, चूक माझीच आहे," ती म्हणाली. "नुसतं तोंड उघडायचं होतं. एवढंसं काम, आणि तेही मला जमलं नाही. रोज कधी ना कधी तरी आठवायचंच."

आणि ती रडायला लागली. भर डब्यात, आवाज न करता, पण लपवतही नव्हती. फ्रेम खाली पायाशी ठेवून मी तिचा हात धरला आणि तिने तो धरू दिला. समोर उभ्या असलेल्या एका कॉलेजच्या मुलीने कानातले इअरफोन काढले आणि वाकून विचारलं, "आंटी, सब ठीक है ना?"

"हाँ बेटा," ती पदराने नाक पुसत म्हणाली. "अब ठीक है."